पावसात अंगणाचं काँक्रीट: आधी वाळूतलं पाणी मोजा

जुलैत नाशिकला अंगण किंवा पार्किंगचं काँक्रीट बिघडतं ते बहुतेकदा वरच्या सरीने नाही, उघड्यावर भिजलेल्या वाळूने. मिस्त्री नेहमीच्याच बादल्या ओततो, माल पातळ होतो आणि पुढे वरचा थर पावडर होऊन सुटतो.

१. वाळू मुठीत दाबा. गोळा होऊन हात नुसता दमट झाला तर ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास. तळहात चकाकला तर ७-८ धरा.

२. एम२० दर्जाच्या काँक्रीटला (सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३) सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे पाण्याची कमाल मर्यादा ३० लिटर. तेवढ्या मालात वाळू साधारण ८० किलो, म्हणजे ४ ते ६ लिटर पाणी तिच्यातच असतं. म्हणून २४ पासून सुरुवात करा. खडी निथळत असेल तर आणखी लिटरभर कमी. बादलीला आतून लिटरच्या खुणा करून ठेवा, नाहीतर हे सगळं कागदावरच राहतं.

३. दमट वाळू फुगते. घमेल्याने मोजत असाल तर चारामागे एक जादा घ्या. पार चिंब वाळू मात्र फुगत नाही, तिथे जादा नको.

४. ताडपत्री माल कालवण्याआधीच बांबूवर उतार देऊन बांधा. ओल्या काँक्रीटवर टेकली की वळ्या उमटतात.

सर आलीच तर वर साचलेलं पाणी फळीने कडेला ओढा, मगच घोटा. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरू नका; त्याची पापडी धरते आणि चाकाखाली निघते.