सत्तरच्या दशकातील हेवीवेट लढती कशा पाहाव्यात

माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड पाहत वाढलेल्या मराठवाड्यातील प्रेक्षकाला मुष्टियुद्ध परके वाटू नये. मात्र हेवीवेट या सर्वांत वजनदार गटाचा सुवर्णकाळ, म्हणजे १९७० चे दशक, सुट्या क्षणचित्रांतून न पाहता लढतींच्या क्रमाने पाहावा. प्रारंभ ८ मार्च १९७१ च्या न्यूयॉर्कमधील लढतीपासून करावा. तीत जो फ्रेझियरने पंधराव्या फेरीत डाव्या हूकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, मुहम्मद अलीला खाली पाडले आणि गुणांवर विजय मिळवला. जानेवारी १९७३ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. ही छोटी लढत वगळल्यास फोरमनची दहशत कळत नाही.

३० ऑक्टोबर १९७४ ची आफ्रिकेतील किन्शासा येथील अली-फोरमन लढत दोनदा पाहावी: आधी केवळ फोरमनकडे, मग केवळ अलीकडे लक्ष ठेवून. दोरांना टेकून, हातांची ढाल करून अली मार सोसत राहतो, फोरमनचे ठोसे फेरीगणिक मंदावतात आणि आठव्या फेरीत तो कोसळतो. प्रतिस्पर्ध्याला दमवून चीत करणारा मल्ल ज्याने पाहिला आहे, त्याला ही युक्ती लगेच उमगेल.

१ ऑक्टोबर १९७५ ची अली-फ्रेझियर यांची फिलिपिन्समधील तिसरी लढत शेवटी आणि सलग पाहावी. तेथील उकाडा समजण्यासाठी परभणीतील मे महिन्याची दुपार आणि पत्र्याचे छप्पर पुरेसे आहे. चौदाव्या फेरीनंतर नजर फ्रेझियरच्या कोपऱ्यावर ठेवावी, कारण प्रशिक्षक एडी फच त्याला पुन्हा उठू देत नाहीत.