गोदामासाठी वीज निवडण्यापूर्वीची तयारी

सौर पॅनेल किंवा हरित वीज विकणाऱ्या कोणत्याही विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी मागील १२ महिन्यांची वीजबिले एकत्र काढावीत आणि केवळ युनिट न पाहता मंजूर भार (वीज कंपनीने मंजूर केलेली क्षमता), प्रत्यक्षातील कमाल मागणी (एका वेळी ओढलेली सर्वाधिक वीज) आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारे प्रमाण) हे आकडे वेगळे लिहून घ्यावेत. कारण बिलातील मागणी आकार हा राखून ठेवलेल्या क्षमतेचा असतो आणि छतावर पॅनेल बसवली म्हणून तो आपोआप कमी होत नाही. त्यानंतर एकदा काम थांबल्यावर रात्री मीटरसमोर उभे राहावे. सगळे घरी गेलेले असतानाही वाचन भराभर पुढे सरकत असेल, तर आत फिरून कारण शोधावे: दोन रॅकमधल्या निर्मनुष्य गल्लीत जळणारे दिवे, बॅटरी भरल्यावरही चालू राहिलेला चार्जर, शीतकक्षाच्या दाराच्या फाटलेल्या रबरातून बाहेर येणारा गारवा.

ही गळती आधी थांबवावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण न लागणाऱ्या विजेइतकी स्वस्त आणि स्वच्छ वीज दुसरी नाही. ४०० वॅटच्या जुन्या मेटल हॅलाइड दिव्याचे काम बहुधा १५० वॅटच्या आसपासचा एलईडी दिवा करतो, आणि चाहूल लागताच उजळणारा सेन्सर जोडला तर तोही दिवसातला बराच वेळ मंद राहतो.

सौर ऊर्जेचा विचार करताना छताची तपासणी संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावी. सांगाड्यासह पॅनेलचे वजन चौरस मीटरला साधारण १० ते १५ किलो भरते. पत्र्याचे छत ते पेलेल का, जोरदार वाऱ्यात टिकेल का, हे लेखी घ्यावे. स्क्रूभोवती गंज दिसत असेल आणि पत्रा ८–१० वर्षांत बदलावा लागणार असेल, तर तो आधीच बदलावा, कारण पॅनेल २५ वर्षे तिथेच राहायची असतात. १ किलोवॅटच्या पॅनेलना सुमारे ५ चौरस मीटर जागा पुरते, मात्र छत मोठे आहे म्हणून ते सगळे भरू नये. जादा वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, देताना मिळणारा दर अनेक ठिकाणी खरेदीच्या दरापेक्षा कमी असतो, म्हणून दुपारच्या वापराइतकीच क्षमता ठरवावी आणि फोर्कलिफ्टचे चार्जिंग शक्य तितके दुपारी आणावे. लिथियम बॅटरी जेवणाच्या सुट्टीतही थोडीथोडी भरता येते. लेड-ॲसिड बॅटरीला साधारण ८ तास लागतात आणि त्या वेळी हायड्रोजन निघत असल्याने जागा हवेशीर हवी.

ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज वापरायोग्य एसी विजेत बदलणारे यंत्र) वीज गेल्यावर सुरक्षेसाठी स्वतःही बंद होतो, त्यामुळे शीतकक्ष असल्यास बॅटरी किंवा जनरेटरची तरतूद वेगळी करावी.

छत भाड्याचे असेल, तर मालकाची लेखी संमती आणि कराराची उरलेली वर्षे आधी पाहावीत. ते जमत नसल्यास पुरवठादाराकडून हरित वीज घेता येते. पण ती कोणत्या प्रकल्पातून येते आणि तिचे प्रमाणपत्र आपल्याच नावे रद्द केले जाते का, म्हणजे आपण वापरल्याची नोंद होऊन ते पुन्हा कोणाला विकता येत नाही ना, हे विचारून घ्यावे.

दरपत्रकांची तुलना प्रति किलोवॅट किमतीवर न करता, धुलाई, विमा, १० ते १५ वर्षांनी बदलावा लागणारा इन्व्हर्टर आणि वर्षाला सुमारे अर्धा टक्का घटणारे उत्पादन धरून २५ वर्षांतील प्रति युनिट खर्चावर करावी. विमा कंपनीला काम सुरू होण्यापूर्वी कळवावे. मुख्य स्विच बंद केला तरी उन्हात पॅनेलकडील डीसी केबलमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) राहतो, म्हणून त्या केबलचा मार्ग दाखवणारा नकाशा अग्निशमन दलासाठी प्रवेशद्वारापाशीच लावून ठेवावा.