जुनी दफनभूमी साफ करायला निघालात? या चुका टाळा

जुन्या दफनभूमीत स्वच्छता मोहीम ठेवली की लोक ब्लीच, वायर ब्रश नाहीतर थेट प्रेशर वॉशर घेऊनच येतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना आधी-नंतरचा फोटो हवा असतो. या फोटोच्या घाईचा मला खरंच राग येतो.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड लागलं की विरघळतो, त्यामुळे टॉयलेट क्लीनर तर सोडाच, व्हिनेगरपण नको. ब्लीचचं नुकसान लगेच दिसत नाही म्हणून कोणाला पटत नाही. दगडाला बारीक छिद्रं असतात, ब्लीच आत मुरतं, पाणी उडून जातं, क्षार आतच राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते आतून दाब देऊन वरचा थर सोडवतात. मी एका ठिकाणी हे डोळ्यांनी बघितलंय. एका लहान मुलीच्या कबरीची संगमरवरी पाटी होती, एका उत्साही ग्रुपने ब्लीच ओतून वायर ब्रशने घासली, पांढरीशुभ्र झाली, फोटोवर कौतुकाचा नुसता पाऊस. वर्षभराने गेले तर अक्षरांच्या कडा पिठासारख्या बोटाला लागत होत्या, ब्रशच्या तारांचे कण अडकून गंजाचे डाग पडले होते, नाव अर्धंच वाचता येत होतं. जुन्या रजिस्टरमध्ये त्या कबरीची नोंदच नाही, म्हणजे त्या मुलीचं नाव फक्त त्या पाटीवर होतं.

माझी पद्धत सांगते. आधी फोटो काढायचा आणि जे वाचता येतंय ते सगळं लिहून घ्यायचं. दगड भुसभुशीत लागला किंवा टकटक केल्यावर पोकळ वाजला तर हात लावायचा नाही. चांगला असेल तर भरपूर साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, आणि खालून वर घासत जायचं म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. शेवाळ फारच असेल तर दगडासाठी बनवलेलं डी-टूसारखं बायोलॉजिकल क्लीनर लावून घरी जायचं, त्याचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढा धीर नसेल तर हे काम घेऊच नका. आणि दगडाला चिकटून वाढणारं दगडफूल (लायकेन) खरवडू नका, काही जाती वर्षाला १ मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत, शिवाय ओढून काढलं की दगडाचा पृष्ठभागही सोबत येतो.

दुसरी चूक म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली गवत कापणं एकदम बंद करायचं आणि कोणाला काही सांगायचंच नाही. मग घरच्यांना वाटतं आपल्या माणसाची कबर वाऱ्यावर सोडली, तक्रारी होतात, आणि घाबरून कोणीतरी तणनाशक मारतं, म्हणजे होतं त्याहून वाईट. तणनाशकाने गवत मरून दगडाच्या बुडाशी माती उघडी पडली की पावसात वाहून जाते आणि दगड कलतो. माझं म्हणणं, वाटा आणि ज्या कबरींवर लोक येतात तिथली कड नीट कापलेली ठेवा, बाकी वाढू द्या, का वाढू देतोय त्याची पाटी लावा, आणि आधी घरच्यांना भेटा. बी पडून गेलं की कापा, कापलेलं गवत तिथेच टाकू नका, त्याने जमीन जास्त सुपीक होते आणि रानफुलांवर दांडगं गवत चढतं. पॅरिसच्या पेर लाशेझमध्ये, १८०४ पासूनची ४४ हेक्टरची दफनभूमी, तिथे रासायनिक तणनाशकं बंद केली आणि २०२० मध्ये कोल्ह्याची पिल्लंसुद्धा दिसली.

बाकीच्या पटकन सांगते. ग्रास ट्रिमरची दोरी दगडाला लागली की ओरखडा कायमचा, कडेचं गवत हाताने काढा. आयव्हीचा वेल दगडावर चढला असेल तर ओढू नका, बुडाशी कापा आणि पूर्ण वाळू द्या. फटीत सिमेंट नको, ते जुन्या दगडापेक्षा कडक असतं आणि ओल कोंडतं, चुनाच वापरा. अक्षरं वाचायला खडू किंवा शेव्हिंग फोम फासू नका, आरशाने तिरपा उजेड पाडा.

आणि गर्दी हवी म्हणून भुताखेतांच्या टूर काढू नका, तिथे अजूनही कोणाची तरी माणसं येतात. अमेरिकेतल्या केंब्रिजची १८३१ ची माउंट ऑबर्न दफनभूमी बघा, तिथे वसंतात लोक स्थलांतर करणारे पक्षी बघायला येतात. अशा लोकांना सोबत घ्या, ते पुढच्या वर्षीही येतात आणि घरटी असलेल्या झुडपांना कात्री लावू नका हे तुम्हाला आधीच सांगतात.