थंडीतला डोंगर उतरताना

डिसेंबरात बालाघाटाच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगरात मित्रांसोबत निघालात तर लोकरी मोजे टाळाच. वाळल्या गवताची कुसळं त्यात रुततात, घामाच्या ओलाव्याने त्यांचा पीळ फिरतो आणि ती आणखी आत शिरतात. गुळगुळीत नायलॉनची पॅन्ट मोज्यांवरून सोडा.

खरी घसरगुंडी उतारावर. कोरड्या मुरमावरचे सुटे खडे गोट्यांसारखे फिरतात, म्हणून पाऊल आडवं आणि आखूड टाका, गुडघे सैल ठेवा. गवताचा आधार घेऊ नका, ते मुळासकट हातात येतं. एकाच्या थेट खाली दुसऱ्याने उतरू नये; वरून सुटलेला दगड नेमका त्यालाच लागतो.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेचारला माथा सोडा. कड्याला आग्या मोहोळ दिसलं, तर धूर आणि आरडाओरडा नको, वाट बदला.