रब्बीसाठी मोटार जोडण्यापूर्वी केबल आणि एमसीबी यांचा मेळ तपासा

पाऊस सरला की ज्वारी, हरभरा आणि गव्हाच्या पाण्यासाठी मोटारी पुन्हा सुरू होतात. पुराच्या भीतीने काढून ठेवलेले नदीकाठचे पंप याच सुमारास पुन्हा बसवले जातात. जोडणी घाईत होते, घरात शिल्लक असलेली केबल वापरली जाते आणि स्टार्टरच्या पेटीत दुकानात मिळेल तो एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडून, म्हणजे बंद होऊन, वीज तोडणारा स्विच) बसतो. केबलची जाडी आणि एमसीबीवरचा अँपिअरचा आकडा यांचा मेळ बसला नाही तर बिघाडाच्या वेळी एमसीबी पडतच नाही आणि आधी केबल जळते. म्हणून पहिले पाणी देण्याआधीच ही तपासणी करावी.

एमसीबीचे पहिले काम तारेचे रक्षण करणे हे आहे; मोटारीच्या रक्षणाचे काम स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेचे (मोटारीने जास्त प्रवाह ओढत राहिला तर ती बंद करणाऱ्या साधनाचे) असते. त्यामुळे मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या पूर्णभार प्रवाहापेक्षा (पूर्ण भार असताना मोटार ओढते त्या प्रवाहापेक्षा) एमसीबीचा आकडा जास्त असावा आणि केबल सुरक्षितपणे वाहू शकेल त्या प्रवाहापेक्षा तो कधीही जास्त नसावा. ही साखळी मधेच तुटली की संरक्षण नावापुरतेच राहते.

पाटीवर 8 अँपिअर लिहिलेली पाच एचपीची थ्री फेज मोटार घ्या. थेट चालू होताना ती सहा ते सात पट, म्हणजे सुमारे 50 अँपिअर प्रवाह क्षणभर ओढते. सी प्रकारचा एमसीबी आपल्या आकड्याच्या पाच ते दहा पट प्रवाहाला तत्क्षणी पडतो. त्यामुळे 10 अँपिअरचा एमसीबी मोटार चालू करतानाच पडण्याची शक्यता असते, तर 16 अँपिअरचा व्यवस्थित टिकतो. अडीच एमएमच्या (म्हणजे तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ अडीच चौरस मिलिमीटर असलेल्या) तांब्याच्या केबलला 16 अँपिअर साधारणपणे झेपतात. तरीही उत्पादकाच्या तक्त्यात आपल्या मांडणीसाठी दिलेला आकडा पाहूनच खात्री करावी, कारण केबल उन्हात आहे, नळीत आहे की इतर केबलींना चिकटून आहे यावर तिची क्षमता बदलते.

वारंवार पडतो म्हणून याच केबलवर 32 चा एमसीबी बसवला तर काय होते, हे नीट समजून घ्यावे. एमसीबी आकड्याला लगेच पडत नाही, आकड्याच्या 1.45 पट प्रवाह असताना त्याने एका तासाच्या आत पडावे, एवढीच मानकाची अपेक्षा आहे. म्हणजे अडीच एमएमच्या केबलमधून 46 अँपिअर जवळजवळ तासभर वाहू शकतात. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते. ती केव्हाच ओलांडली जाते, आवरण मऊ पडते आणि जोडाच्या जागी तारा एकमेकींना टेकतात. किटकॅटमध्ये फ्यूज तारेऐवजी जाड ॲल्युमिनियमची तार गुंडाळण्याचा धोकाही हाच आहे. एमसीबी पडत असेल तर टाँग टेस्टरने (तारेभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या यंत्राने) तिन्ही फेजचा प्रवाह मोजावा आणि कारण शोधावे. मोठा एमसीबी खरोखरच लागणार असेल, तर केबल आधी बदलावी.

लांबीचा हिशेब वेगळा करावा लागतो. वरील मोटार 300 मीटरवर असेल तर अडीच एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे 26 व्होल्ट वाया जातात, आणि चार एमएममध्ये 16 च्या आसपास. शेवटच्या टोकाला आधीच दाब (व्होल्टेज) कमी येत असेल तर 10 व्होल्टचा हा फरकही मोठा ठरतो, कारण दाब घटला की तेच काम करण्यासाठी मोटार जास्त प्रवाह ओढते आणि गुंडाळी तापते. अशा ठिकाणी केबल जाड घ्यावी, एमसीबी मात्र तोच ठेवावा. ॲल्युमिनियमची केबल घेत असाल तर तांब्याच्या सुमारे 1.6 पट एमएमची (छेदाच्या क्षेत्रफळाची) जाडी धरावी. उरलेली केबल स्टार्टरजवळ वेटोळे करून ठेवू नये; आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही.

ओव्हरलोड रिलेचा काटा पाटीवरील प्रवाहावर ठेवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटार आधी कमी दाबावर सुरू करून मग पूर्ण दाबावर नेणाऱ्या) रिले डेल्टाच्या आतील जोडणीत असेल, तर पाटीवरील आकड्याच्या 0.58 पट ठेवावा. कपॅसिटर रिलेच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडला असेल तर रिलेला प्रवाह कमी दिसतो, म्हणून काटा त्या मानाने खाली आणावा. रात्रीच्या पाळीच्या विजेवर ऑटो स्विच (वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा) लावणाऱ्यांनी रिले कधीही बायपास करू नये. एक फेज गेला की उरलेल्या दोहोंत प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो आणि त्या वेळी शेतात कुणी नसते; सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारे साधन) तेवढ्यासाठीच हवा.

एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते. मोटारीच्या 16 अँपिअरच्या एमसीबीवरूनच खोपीतल्या दिव्याला एक एमएमची तार ओढली जाते आणि पुढे तिच्यावरच कडबाकुट्टी चालते. दोन एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी 10 ते 12 अँपिअर ओढते. जिथे तार बारीक होते, तिथे तिच्या जाडीला साजेसा वेगळा एमसीबी बसवावा: दिव्यासाठी 6 अँपिअरचा, आणि कडबाकुट्टीसाठी अडीच एमएमची स्वतंत्र तार व 16 चा एमसीबी. माणसाला बसणारा झटका मात्र यातला कोणताही एमसीबी ओळखत नाही. त्यासाठी चांगले अर्थिंग हवे आणि हाताळणीच्या यंत्रांच्या तारेवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) हवा.

ही जोडणी परवानाधारक वायरमनकडून, मुख्य स्विच बंद ठेवूनच करून घ्यावी. मोटार अर्धा तास चालल्यावर पुरवठा बंद करून केबलचे जोड, एमसीबीचे स्क्रू आणि स्टार्टरची टोके तपासावीत. एखादे टोक इतरांपेक्षा गरम लागले तर ते ढिले आहे असे समजून साफ करून पुन्हा आवळावे.