तारकर्ली-देवबागची एक दिवसाची सहल: परदेशातून रजेवर आलेल्या जोडप्यांनो, या चुका टाळा

आम्ही दोघं मस्कतला असतो. तिथे शुक्रवारी कुठे जायचं तर डोक्याला ताप नसतो. ॲडव्हेंचर पार्कचं तिकीट आदल्या रात्री ऑनलाइन काढायचं, गेटवर मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यायचा, नऊला आत, सहाला बाहेर. गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवसांच्या रजेवर सासरी, कुडाळजवळ पिंगुळीला आलो, तेव्हा तारकर्ली-देवबागचा बेतही त्याच सवयीने आखला आणि अख्खा दिवस वाया घालवला.

निघताना सासूबाई पडवीतून म्हणाल्या, "आज अमाशा आसा, दर्यात कित्याक जातास?" नवरा हसला. "गे आये, दर्याक काय ठावक अमाशा ती!"

दर्याला नेमकं तेवढंच ठाऊक असतं. साडेअकराला देवबागला पोचलो तेव्हा उधाणाची भरती काठोकाठ होती. ज्या त्सुनामी बेटाचे, म्हणजे नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्याचे, फोटो बघून आलो होतो, तिथे पाण्यातून चार बांबू तेवढे वर दिसत होते. होडीवाल्याने आमच्याकडे न बघताच सांगितलं, "बेट पाण्याखाली आसा. ओहोटी लागांदे, मगे बघूया." ओहोटी लागेपर्यंत वारा सुटला, स्नॉर्कलिंगचं पाणी गढूळ झालं आणि आम्ही दोनशे रुपयांची शहाळी पिऊन घरी आलो.

घड्याळ बघून निघू नका, कालनिर्णय बघून निघा

मी मिरजेची, त्यामुळे भरती-ओहोटी मला भूगोलाच्या पुस्तकापुरती माहीत. सासऱ्यांनी त्या रात्री हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अमावास्या आणि पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आमचे साडेअकरा म्हणजे अगदी मुहूर्तावर बुडायला गेल्यासारखं! अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ येतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा. नेमकी वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण दिवस निवडायला कालनिर्णय पुरतं.

हा हिशोब कळल्यावर बेत आपोआप जुळतो. पाण्याखाली बघायचं असेल तर सकाळची वेळ घ्या, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी चाळवतं. बेटावर उतरायचं तर ओहोटी हवी. दशमी ते द्वादशी या दिवसांत सकाळी भरती आणि दुपारी ओहोटी, म्हणजे एकाच दिवसात दोन्ही बसतं. शिवाय अष्टमी-दशमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, ओढ कमी, गढूळपणाही कमी. मात्र भांगाला पाणी फार खाली उतरत नाही, त्यामुळे बेट पुरतं उघडं पडत नाही. फोटो हवा की मासे, हे आधी ठरवा. आम्ही मासे निवडले आणि दशमीला पुन्हा गेलो.

महिन्यांचंही तसंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. पावसाळ्यात जलक्रीडा बंदच असतात. नाताळचा आठवडा मात्र टाळा. त्या दिवसांत मालवणात गाडी लावायला जागा मिळाली तरी नशीब.

घरी सांगण्याची चूक

ही आमची सर्वांत मोठी चूक होणार होती, थोडक्यात वाचलो. दशमीचा बेत नवऱ्याने जेवताना सहज बोलून दाखवला. जेवण संपेपर्यंत आत्ये, तिचे जावई, दोन भाचरं आणि शेजारच्या काकी धरून अकरा जण तयार झाले होते. सुमोचा भाव काढला गेला, कोंबडी-वड्यांचा डबा ठरला. वर्षाकाठी पंधरा दिवस येणाऱ्या माणसाला "आम्ही दोघंच जातो" असं म्हणणं किती जड जातं, हे परदेशात राहणाऱ्यांनाच कळेल. शेवटी सासूबाईच धावून आल्या. "त्यांका जावंदे दोघांका. आपण रविवारी वेंगुर्ल्याक जावया," म्हणाल्या आणि विषय मिटला. सल्ला एवढाच: सगळ्यांसोबतची सहल आधी ठरवून टाका, मग दोघांची. उलट क्रमाने केलंत तर दोघांची होतच नाही.

पैसे

होडी, जॅकेट, शहाळं, सगळीकडे क्यूआर कोड. परदेशी कार्डाला इथे कोणी विचारत नाही. ओमान, यूएई, कतार, सौदी, सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन अशा ठरावीक देशांतला मोबाइल नंबर एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्याला जोडून यूपीआय चालवता येतं. २०२३ मध्ये ही मुभा मिळाली. मात्र तुमच्या बँकेने सोय दिलेली असावी लागते आणि नोंदणीचा एसएमएस त्याच सिमवरून जावा लागतो. हे काम वाळूत उभं राहून, एक काडी नेटवर्कवर होत नाही. घरून करून निघा, आणि शंभर-दोनशेच्या नोटा तरीही जवळ ठेवा.

अंगावर काय, पोटात काय

मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी. बनाना राइडवर शेवटी तुम्हाला मुद्दाम पाण्यात पाडतात, तीच त्यातली गंमत. त्यात चष्मा गेला तर कोणी शोधायला बुडी मारत नाही. जीन्स नको, ती भिजली की दिवसभर वाळत नाही. खडकांवर अनवाणी चढू नका. कालवांची धार ब्लेडसारखी असते आणि कापल्याचं पाण्यात कळतही नाही, बाहेर आल्यावर रक्त दिसतं.

सुरमईची थाळी पाण्यातून आल्यावर खा. आधी दोन घावणे आणि चहा पुरे. होडी लागते अशांनी गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी, उलटी आल्यावर घेऊन उपयोग नाही. होडीत मध्यभागी बसा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, नजर क्षितिजावर ठेवा.

पाण्याखाली

मास्कमध्ये पाणी शिरतंय ही नवऱ्याची तक्रार तीन मास्क बदलून संपली नाही. प्रशिक्षकाने शेवटी त्याच्या मिशीकडे बोट दाखवलं. मास्कची कड त्वचेवर बसायला हवी, मधे केस आले की फट राहते. रजेवर येताना हौसेने वाढवलेली मिशी कोणी तासाभरासाठी काढत नाही, म्हणून त्याला नाकाने हळूच हवा सोडून पाणी बाहेर काढायला शिकवलं. केसांची एक बट आत अडकली तरी हेच होतं, तेव्हा बायकांनी केस घट्ट बांधावेत. काच धूसर झाली तर त्यात थुंकायचं आणि खंगाळायचं. किळस वाटते, पण उपाय खरा आहे.

स्कूबात, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाताना, श्वास तोंडाने घ्यायचा आणि कधीही रोखून धरायचा नाही, विशेषतः वर येताना. मला ते जमेना. नाक बंद झालं की माझी छातीच घाबरली. किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटं नुसता श्वास घेत उभं राहिले, मग जमलं. ती दहा मिनिटं मागून घ्या. गर्दीच्या दिवशी ती आपणहून कोणी देत नाही. कानाचंही तसंच: नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची, आणि ती दुखायच्या आधी. दुखू लागल्यावर जोर लावाल तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह सोडाच. दमा, रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण असेल तर फॉर्मवर खरं लिहा. "काय होतंय" म्हणून सगळीकडे 'नाही'वर खूण करणारे आमच्या पुढच्याच रांगेत होते.

आणि अंगठा. आत गेल्यावर नवऱ्याला वीसेक फुटांवर पट्ट्यापट्ट्यांचे मासे दिसले, तो खूश झाला आणि त्याने प्रशिक्षकाला जोरात अंगठा दाखवला. प्रशिक्षक त्याला सरळ वर घेऊन आला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे' सांगायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. हे पाण्यात उतरण्याआधी सांगितलेलं असतं, पण तेव्हा आपण सेल्फी काढत असतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतं. प्रवाळाला हात लावू नका, आणि फोटोसाठी माशांना ब्रेड टाकणारा भेटला तर नको म्हणा. मला तरी तो प्रकार आवडला नाही.

किल्ला त्याच दिवशी कोंबू नका

मालवण धक्क्यावरून होडीने जायचं, म्हणून 'जाता जाता' सिंधुदुर्ग करायचा मोह होतो. कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली, २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. चहूकडे खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. ओले कपडे आणि दमलेले पाय घेऊन हे बघणं म्हणजे हजेरी लावणं. वेगळी सकाळ द्या.

परतीचं विमान

नवऱ्याचा पहिला बेत असा होता: शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह, संध्याकाळी गोव्यातल्या मोपाहून विमान. दबावाखाली श्वास घेतल्यावर नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि केबिनमधला हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि एकाहून अधिक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास थांबण्याचा आहे. हा सल्ला सुमारे ६१० मीटरच्या वर लागू होतो, आणि आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. त्यामुळे डाइव्हनंतर त्याच दुपारी आंबोलीला धबधब्याकडे जाण्याचा बेतही पुढे ढकला. प्रवास विमा तपासा. बऱ्याच पॉलिसींत स्कूबा आणि पॅरासेलिंग वगळलेलं असतं.

दशमीला दुपारी दोनला बेटाची थोडीशी वाळू उघडी पडली, फोटोत आमचे घोटे पाण्यातच आहेत. समोर कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पाणी अगदी शांत दिसत होतं. नवरा पोहायला निघाला. होडीवाल्याने त्याचं मनगट धरलं आणि एक नारळाची करवंटी पाण्यात टाकली. आम्ही दहा आकडे मोजेपर्यंत ती पार समुद्राच्या तोंडाशी गेली होती.