कोर्लईला जाताय? मीठ घेतलं का?

नागपूरहून अलिबागकडचा कोर्लईचा किल्ला पाहायला जाऊन राहिले असाल तर माझ्यासारखं करू नका. मागच्या एप्रिलमध्ये निघालो तेव्हा डोक्यात एकच, आपण ४५ डिग्रीतले, कोकणातले ३३ आपलं काय करणार बे! वरच्या पडक्या चर्चपाशी दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की अर्धा तास भिंत धरून बसलो. पाणी होतं, चांगलं दोन लिटर होतं. मीठ नव्हतं.

म्हणून पहिले इलेक्ट्रॉल, माणशी दोन पाकिटं, नाहीतर घरची मीठ-साखरेची पुडी. आपल्याकडे घाम येतो न् वाळतो, तिकडे हवाच ओली, तो वाळतच नाही, अंग थंड होत नाही, मग आणखी घाम, आणि मीठ चाललं सगळं शर्टात. आईनं लू लागू नये म्हणून खिशात कांदा दिला होता, तो काय कामाचा तिथं. तोंडाला बांधायचा दुपट्टाही राहू द्या, ओला होऊन चिकटतो, घाम पुसायला पंचा घ्या.

टोपी, बूट, चार्जर, हे काय सांगायचं.

विदर्भ एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन आधीच करा, वेटिंगच्या भरवशावर राहू नका भाऊ. मुंबईत गेटवेहून मांडव्याची बोट, पावसाळ्यात ती बंद असते तेव्हा रस्त्यानं, मग अलिबाग, रेवदंडा, खाडीवरचा पूल. पाकिटं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा, लॉजवरच्या बॅगेत नाही! कळलं ना?

चढायचं सकाळीच. दीपगृहाकडून पायऱ्या आहेत, चढ फार नाही, तिथंच माणूस फसतो. वर लांबट अरुंद डोंगर, दोन्हीकडे पाणी, एकामागे एक दरवाजे, तोफा, छप्पर उडालेलं चर्च आणि सावलीच्या नावानं बोंब. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला, नंतर मराठ्यांनी. तटावर चढून सेल्फी काढू नका, दगड सुटे आहेत. टाक्यातलं पाणी पिऊ नका. आपलंच प्या, अन् त्यात पुडी टाकली का?

खाली गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अजून बोलतात, जरा थांबून ऐका. मी नाही ऐकली, लंगडत होतो. एका टपरीवरच्या मावशीनं कोकम सरबतात चमचाभर मीठ घालून दिलं तेव्हा कुठं पाय सरळ झाले.

उतरताना घाई नको, कचरा परत आणा, बोटीची वेळ पाहून ठेवा. बाकी तुमचं तुम्ही पाहा. पाकिटं तेवढी आत्ताच सॅकमध्ये टाका.